सत्तेचाळिसावी वेल

व्होर्से, ज्युरा
२ फेब्रुवारी १८७३

प्रिय फेली,

मुलगा झाला! चोवीस जानेवारीला, ऐन जेवणाच्या वेळी. ताटातला रस्सा गार झाला तरी मी भिंतीकडे बघत बसलो होतो, तेवढ्यात तो ओरडला. नाव क्लोद ठेवलंय. नाक आपल्या बाबांचं आणि आवाज थेट तुझा, त्यामुळे शेजाऱ्यांना बातमी सांगत फिरावं लागलं नाही. जुस्तीन छान आहे. बाप्तिस्म्याला तुझ्या वतीने सिदोनीमावशीने त्याला हातात धरलं, पण चर्चच्या वहीत धर्ममाता म्हणून नाव तुझंच लागलंय. आता तुझी सुटका नाही.

तेव्हा वेल पाठव. तुला सगळं ठाऊक आहे, पण आई शेजारी बसून 'नीट लिही रे, ती विसरली असेल' म्हणतेय, म्हणून लिहितो. धर्ममातेने आपल्या घरच्या मळ्यातली तीन वर्षांची वेल मुळांसकट द्यायची, आणि मुळांशी तिच्या घरची माती असलीच पाहिजे. माती झटकलेली वेल आई परत पाठवेल, ती काय आहे ते तू जाणतेसच.

उताराच्या माथ्यावरच्या आपल्या ओळीत आता सेहेचाळीस वेली आहेत. १७४१ साली झां-इन्यासने स्वतःच्या पोरासाठी लावली ती पहिली, माझी पंचेचाळिसावी आणि तुझी शेवटची. तुझी अजून वाकडीच वाढते, कितीही बांधा. क्रांतीच्या धामधुमीत मळा हातचा जायची वेळ आली, तेव्हा पणजी याच ओळीत खुर्ची टाकून बसली होती आणि 'आधी मला उपटा' म्हणाली होती. दोन वर्षांमागे प्रशियन शिपायांनी थंडीत आपले वेलींच्या आधाराचे सगळे खुंट जाळले, पण वेलींना हात लावला नाही. एवढं सगळं सोसून ती ओळ उभी आहे. सत्तेचाळिसावा खड्डा मी आत्ताच खणून ठेवलाय. जमीन दगडासारखी होती, दोन कुदळी मोडल्या.

तुझी तब्येत कशी आहे? काझिमिररावांना नमस्कार सांग. तुमच्याकडच्या पाणचट वाइनलाही सांग.

तुझा दादा,
आंतेल्म


सेंत-ओले, गार
१ मार्च १८७३

प्रिय दादा,

क्लोदला माझे शंभर पापे. मी धर्ममाता झाले! पत्र वाचून मी इतकी हसले की डॉक्टरांनी दटावलं. आठवा महिना लागलाय आणि त्यांनी मला अंथरुणाला खिळवून ठेवलंय. जरा मनाला धक्का बसला तरी याही वेळी भरवसा नाही, असं ते काझिमिरना बाहेर सांगत होते. त्यांना वाटलं मला ऐकू गेलं नाही. दादा, आधीची दोन्ही गेली तेव्हा मी रडले ती नुसती मुलांसाठी नाही. वेल लागण्याआधी मूल गेलं तर ओळीत जागा नाही, हा आपल्याकडचा नियम. त्या दोघांच्या नावाचं जगात एक पानसुद्धा नाही. म्हणून क्लोदची वेल मी स्वतः निवडली. खुर्चीवर बसवून मला मळ्यात न्यायला लावलं, आणि घरातल्या बायका हसत असताना बोट दाखवून सांगितलं, 'ती!' खालच्या वाफ्यातली आहे, बुंधा माझ्या अंगठ्याएवढा. मुळांभोवती आमची माती, त्यावर ओलं शेवाळ, वरून गोणपाट. आज गाडीवानाकडे दिली, पुढे रेल्वेने येईल.

मळ्याचं विचारशील तर ठीक आहे. गेल्या उन्हाळ्यात थोडी पानं पिवळी पडली होती. पाऊसच नव्हता.

तुझी फेली

ता.क. मेहुणे महाशय, पाणचट वाइनच्या धन्याचाही नमस्कार. एक वेल मागितलीत, हव्या तर शंभर पाठवतो. असली रग तुमच्या डोंगरात उगवत नाही. — काझिमिर


व्होर्से
१४ मार्च १८७३

प्रिय फेली,

वेल मंगळवारी पोचली. गोणपाट ओलं होतं, माती शाबूत होती. बुधवारी सकाळी लावली. घरातले सगळे होते, फादरही आले होते. माती मी माझ्या हातांनी लोटली.

क्लोद शांत आहे. आई रोज सकाळी त्याच्यापाशी जाऊन बसते. जुस्तीनला अजून उठवत नाही.

तू फक्त स्वतःला जप. काही मनाला लावून घेऊ नकोस.

आंतेल्म


सेंत-ओले
६ मे १८७३

दादा,

मुलगी! जिवंत, लठ्ठ आणि भुकेली! नाव नोएमी. २८ एप्रिलला झाली आणि सुईण मादाम गिरोने तिला उलटं धरलं तेव्हा ती जी रडायला लागली ती अजून थांबलेली नाही. तुझा क्लोद शांत आणि माझी ही अशी. आपल्याकडून काहीतरी अदलाबदल झालेली दिसते.

पण तुझ्यावर मी रागावले आहे. आठ ओळींचं पत्र! वेल लावायला फादर आले, एवढा थाट केलात आणि कोण काय बोललं, काय खाल्लं, एक अक्षर नाही. माझ्या धर्मपुत्राला दात आले का? हसतो का? सोबत त्याच्यासाठी टोपी पाठवतेय, अंथरुणात पडल्यापडल्या विणली. जरा मोठीच आहे, हिवाळ्यापर्यंत बसेल.

इकडे गंमतच झाली. शहरातून कुणी प्राध्यापक भिंग घेऊन आले आणि वेली उपटून मुळं बघायला लागले. म्हणतात, मुळांवर पिवळा मावा आहे आणि तोच वेली मारतो. काझिमिरनी त्यांना कुंपणाबाहेर घालवलं. मावा अशक्त वेलीवर बसतो, मावा बसल्याने वेल अशक्त होत नाही, असं ते म्हणतात. मेयर म्हणून त्यांनी चौकात तसं शपथेवर सांगितलं. सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या.

तुझी फेली


व्होर्से
३० मे १८७३

प्रिय फेली,

नोएमीला आमच्या सगळ्यांचे आशीर्वाद. आईने बातमी ऐकली आणि एप्रनच्या टोकाने डोळे पुसत गोठ्यात निघून गेली.

टोपी मिळाली. जुस्तीनने ती हातात घेतली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. मग आपल्या पेटीत ठेवली.

वेलीने जीव धरलाय. चार पानं आहेत, पाचवं फुटतंय. तिथे वाऱ्याला आडोसा आहे.

आता मी विचारतो त्याचं सरळ उत्तर दे. तू हसत हसत लिहिलेल्या त्या माव्याबद्दल आमच्या वर्तमानपत्रातही आलंय. तुमच्या भागात मळेच्या मळे वाळले असं लिहिलंय. इथे गावात लोक कुजबुजतात, आणि तुझ्याकडून वेल आली हे सगळ्यांना ठाऊक आहे. काल बाजारात म्हातारा ब्युर्दे मला ऐकू जाईल असं म्हणाला, 'दक्षिणेची सोयरीक महाग पडणार.' फेली, लहानपणी तू माझ्याशी कधी खोटं बोलली नाहीस, जॅमची बरणी फोडलीस तेव्हासुद्धा. तुमचा मळा धड आहे ना?

आंतेल्म


सेंत-ओले
२० जून १८७३

प्रिय दादा,

आमचा मळा धड आहे. खालच्या वाफ्यात थोडी मर झाली ती दुष्काळाने. वर्तमानपत्रवाल्यांना काहीतरी छापायला लागतं. तू काळजी करू नयेस.

नोएमी बरी आहे. सर्वांना नमस्कार.

फेलिसी

ता.क. मेहुणे महाशय, माझ्या घराच्या अब्रूबद्दल माझ्या बायकोला विचारायचं नसतं, मला विचारायचं असतं. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना माझा निरोप द्या: ज्यांची वाइन विकली जात नाही ते दुसऱ्याच्या मळ्यात किडे शोधतात. — काझिमिर


सेंत-ओले
२२ जून १८७३

दादा,

हे पत्र काझिमिरने वाचलेलं नाही. परवाचं त्याने शब्द न् शब्द सांगून लिहून घेतलं होतं. तो माझी सगळी पत्रं वाचतो, पहिल्यापासून. मी हे तुला कधी सांगितलं नाही, कारण माझ्या संसाराबद्दल तुला वाईट वाटलं असतं. हे पत्र मादाम गिरो कापडाच्या गाठोड्यातून नेऊन टाकणार आहे. उत्तर तिच्याच नावावर पाठव.

ती वेल उपटून जाळ. आजच्या आज जाळ! वाचून झाल्यावर पत्र हातातून ठेवायच्या आधी माणूस पाठव. मुळांचा केसाएवढा तुकडाही राहू देऊ नकोस, खड्ड्यात उकळतं पाणी ओत, ती माती पोत्यात भर आणि पोतंही जाळ.

काल काझिमिर तालुक्याला गेला तेव्हा मी स्वतः खणून बघितलं. खालचा वाफा सगळा गेलाय, दादा. थोडी मर नाही, एकूण एक वेल काटकी झाली आहे. ज्या खड्ड्यातून क्लोदची वेल काढली त्याच्या शेजारची मी उपटली. तंतूमुळांना गाठी गाठी आहेत, आणि गाठींवर पिवळी धूळ बसल्यासारखी दिसते. मी बोट लावलं. ती धूळ चालायला लागली.

तुझ्यापासून आता काही लपवत नाही. गेल्या उन्हाळ्यात पानं पिवळी पडली ती त्याच वाफ्यात, मी निवडलेल्या वेलीपासून पाच ओळींवर. मला दिसलं होतं. वेल गाडीवानाच्या हातात दिली आणि त्याला परत हाक मारणार होते. पण मी ओळीत कधी कुणासाठी काही लावलं नव्हतं. पहिल्यांदा माझ्या हातची वेल तिथे लागणार होती. मला ते सोडवेना. आणि मी मेयरची बायको, नवरा शपथेवर सांगतोय ते मी खोटं कसं म्हणू, असं मनाला समजावलं.

ती ओळ उताराच्या माथ्यावर आहे. तिथून तो खाली उतरला तर काहीच राहणार नाही. एकशे बत्तीस वर्षांत कुणी केलं नाही ते मी रेल्वेच्या एका पार्सलने केलं.

क्लोदच्या नावाची वेल तूच त्याच्या आत्याच्या सांगण्यावरून जाळलीस, हे तो मोठा झाल्यावर त्याला सांग. माझ्यावर रागावू दे त्याला. फक्त आज जाळ.

फेली


सेंत-ओले
१२ जुलै १८७३

दादा,

वीस दिवस झाले. मादाम गिरो रोज टपालकचेरीत जाते आणि रोज मान हलवत परत येते. काल पोस्टमास्तरने तिला विचारलं, या वयात कुणाच्या पत्राची वाट बघता? आता काझिमिरच्या कानावर जायला वेळ लागणार नाही.

तू जाळलीस की नाही? आई जाळू देत नाही का? ओळीतली वेल उपटायची नाही म्हणून हटून बसली असेल. तिला सांग, मी तिच्या पाया पडते. की लागण झालीच आहे, आणि मला सांगवत नाही? मग शिव्या घाल, पण लिही. मी नोएमीला पाजायला बसते आणि मला तो उतार दिसतो, सगळा पिवळा. मला तुझ्या शिव्या चालतील, हे गप्प बसणं चालणार नाही.

फेली


व्होर्से
१८ जुलै १८७३

प्रिय फेली,

बसून वाच. नोएमीला कुणाकडे तरी दे.

क्लोद ६ मार्चला गेला. डांग्या खोकला. सहा आठवड्यांचा होता. जुस्तीनने चार दिवस त्याला उभ्याने धरला, आडवा केला की त्याचा श्वास अडकायचा. तुझं पत्र त्याला पुरून आलो त्यानंतर दोन दिवसांनी मिळालं. त्यात डॉक्टर काय म्हणाले ते होतं. मनाला धक्का बसला तर भरवसा नाही. आई म्हणाली, फेलीचं मूल होईपर्यंत एक अक्षर लिहायचं नाही. मी लिहिलं नाही. मग नोएमी झाली, तुझं ते हसरं पत्र आलं, त्यात दात आणि टोपी. मी सहा वेळा लिहायला बसलो. क्लोद शांत आहे असं मी तुला कळवलं होतं, ते खोटं नव्हतं एवढीच माझी पळवाट.

वेल मंगळवारी पोचली, तो जाऊन पाच दिवस झाले होते. माथ्यावर खड्डा तयार होता. मी फावडं उचललं. मला लावायचीच होती ती तिथे, फेली. नियम गेला खड्ड्यात म्हणून मी आईवर ओरडलो. ती दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, 'तुझ्या बहिणीच्या दोघांना मी जागा दिली नाही. आता माझ्या नातवाला देऊ? तिला काय तोंड दाखवू?' मग आम्ही ती वेल ओढ्यापलीकडे नेली आणि दफनभूमीत त्याच्या उशाशी लावली. फादर आले होते ते त्यासाठी. फावडंसुद्धा कबरी खणणाऱ्याचं होतं.

तुझं गुप्त पत्र २६ जूनला मिळालं. मी ते जुस्तीनपुढे वाचलं, मला वाटलं ती कोसळेल. ती उठली, चुलीवर मोठं पातेलं चढवलं आणि म्हणाली, 'पाणी उकळेपर्यंत कुदळ काढा.' वेलीला अकरा पानं होती, त्यांतली बरीच पिवळी. मी खणायला गेलो तर मला बाजूला सारलं. 'त्याचं एवढंच एक काम राहिलंय, ते मी करते,' म्हणाली. तू लिहिलंस तशाच गाठी होत्या. तशीच धूळ होती. चुन्याच्या भट्टीत माती, गोणपाट, आमचे त्या दिवशीचे बूट, सगळं टाकलं. ओढा, दोन कुरणं आणि गावचा पाणवठा, इतकं अंतर आहे तिथून आपल्या पहिल्या वेलीपर्यंत.

तरी माझा विश्वास बसेना. तुला उत्तर द्यायचं तर खरं द्यायचं, म्हणून इतके दिवस लागले. घड्याळजीकडून भिंग आणलं आणि ओळीतल्या सेहेचाळीस वेलींची मुळं एकेक करून उघडली, पाहिली आणि परत झाकली. मग खालचा उतार, दर दहा पावलांवर एक. ब्युर्देही आला. दोन दिवस शेजारी गुडघे टेकून मुळं बघत होता. तुझी वाकडी वेल मी दोनदा तपासली. स्वच्छ आहे. सगळा उतार स्वच्छ आहे.

पुढच्या वर्षी येईल, दहा वर्षांनी येईल, वाऱ्यावर येईल. मी काही खुळा नाही. पण यंदा आपला मळा उभा आहे. आणि तो उभा आहे कारण क्लोद नाही. तो जगला असता तर मी ती वेल माझ्या हाताने माथ्यावर लावली असती आणि तुला लांबलचक पत्र लिहून काय काय खाल्लं ते कळवलं असतं. हे एक वाक्य लिहायला मला सगळ्या मुळांपेक्षा जास्त वेळ लागला.

जुस्तीन तुझ्यावर रागावलेली नाही. मी होतो, तीन दिवस. आता नाही. टोपी तिने पेटीतून काढली आहे आणि म्हणते, नोएमीला होईल.

ये तू. नोएमीला घेऊन ये. आईला तुझ्याशी काही बोलायचंय, तुझ्या दोघांबद्दल. पण येताना आमच्या वेशीवर बूट काढ.

तुझा दादा,
आंतेल्म


सेंत-ओले
२८ जुलै १८७३

दादा,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं. मग मादाम गिरोच्या अंगणात बसले आणि तिने मला उठवलं नाही. क्लोदचा चेहरा मला ठाऊकच नाही. त्याला दात येताहेत, तो हसतोय, असं मी रोज मनात बघत होते. आता ते कुठे ठेवू ते कळत नाही.

काल रविवारी प्रार्थनेनंतर मी चर्चच्या पायरीवर उभी राहिले. टोपलीत खालच्या वाफ्यातली मुळं होती. मी ती सगळ्यांपुढे ओतली आणि भिंग फिरवलं. सांगितलं, आपल्या लेकींना, भाच्यांना, सोयऱ्यांना ज्यांनी ज्यांनी इथून वेली पाठवल्या असतील त्यांनी आज घरी जाऊन पत्रं लिहा. काझिमिर पहिल्या पायरीवर होता. मला खाली ओढायला त्याने हात पुढे केला, पण तोवर लोक वाकून बघायला लागले होते. एक बाई रडायला लागली. तिने चार गावांना पाठवल्या आहेत. रात्रीपर्यंत आमच्या फादरकडचे कागद संपले.

काझिमिर माझ्याशी बोलत नाही. आज पहाटे तो एकटाच खालच्या वाफ्यात गुडघ्यांवर बसलेला दिसला. मी त्याच्याजवळ गेले नाही.

गुरुवारी निघते. नोएमीला मादाम गिरोच्या घरच्या कपड्यांत गुंडाळून आणतेय, आमच्या घरचं काही नको. बूट मी इथेच चुलीत टाकले. वेशीवर माझ्यासाठी जुस्तीनवहिनीचे एखादे जुने ठेव, आणि नसतील तर मी अनवाणी येईन. आधी ओढ्यापलीकडे जाईन, मग घरी.

माथ्यावरचा तो सत्तेचाळिसावा खड्डा बुजवला नसशील तर आता बुजव. धर्ममाता रिकाम्या हाताने येतेय.

फेली